सायकल कोणत्या बाजूला पडली होती

विमलताई पहिल्यांदा आमच्या दिग्रसच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनी भरपाईचं नावही काढलं नाही. खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "वकीलबाई, अपेक्षाच्या बाबाची चूक नोहती, असं कोर्ट लिहून देते का?"

मी म्हटलं, देतं, पण आधी बसा. आमच्या घरात वकिली माझ्या वडिलांपासून आहे आणि आलेल्या माणसाला आधी बसवायचं हे मी त्यांच्याकडूनच शिकले. शांत स्वभाव मात्र त्यांच्याकडून घ्यायचा राहून गेला. पक्षकार एका प्रश्नाला दोन उत्तरं द्यायला लागला की माझं डोकं फिरतं, हे दिग्रसमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

अपेक्षाचे बाबा म्हणजे विमलताईंचे यजमान, पुंडलिकराव. थोडी कपाशी, थोडी तूर, दारात म्हशी. त्या दिवशी ते दिग्रसहून म्हशींसाठी सरकीच्या ढेपेचं पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी निघाले होते. त्यांच्या गावाचा फाटा मोठ्या रस्त्याच्या डाव्या हाताला फुटतो. म्हणजे दिग्रसहून येणाऱ्या सायकलवाल्याला रस्ता ओलांडायचं कामच नाही. डाव्या कडेनं यायचं, डावीकडं वळायचं, पुढं घर. मागून कापूस भरायला निघालेली रिकामी पिकअप आली, तिनं सायकलला मागं टाकलं आणि लगेच तिच्या पुढ्यातच गावाकडं वळण घेतलं. असं आमचं म्हणणं होतं.

गाडीचा ड्रायव्हर बाबुलाल पळून गेला नाही. त्यानं पुंडलिकरावांना उचलून गाडीत घातलं आणि सरळ दवाखाना गाठला. वाटेतच ते गेले, पण त्यानं आपल्याकडून काही कमी केलं नाही, हे मी त्याच्याविरुद्ध दावा लावूनही म्हणते. फाट्यावर मागं रक्त राहिलं होतं. कुणाचा पाय पडू नये म्हणून त्यावर माती टाकली गेली. सायकल उचलून रस्त्याच्या पलीकडं, उजव्या बाजूच्या निंबाला टेकवली गेली, कारण फाट्यावर सावलीचं झाड तेवढं एकच आणि सगळा गाव आपल्या सायकली तिथंच लावतो. ढेपेचं पोतंही तिच्या शेजारी नीट उभं केलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पंचनाम्याला आले. जागेवर गाडी नाही, रक्त नाही, टायरच्या खुणा मातीखाली. होती ती फक्त वाकड्या चाकाची सायकल, तीही उजव्या बाजूला. त्यांनी डोळ्यांना दिसलं ते लिहून घेतलं. जो तो माणुसकीनं वागला होता आणि त्यातच सगळा पुरावा गेला. मला तर कुणावर रागावावं हेच कळेना.

विमा कंपनीच्या वकिलांनी त्या सायकलवरच सगळी गोष्ट उभी केली. सायकल उजवीकडं सापडली, म्हणजे माणूस उजवीकडून, उलट्या बाजूनं येत होता, आणि फाट्यावर न पाहता गाडीपुढं आडवा घुसला. हे म्हणणं गावात पोचायला वेळ लागला नाही. रिकाम्या रस्त्यावरही घंटी वाजवत जातो म्हणून ज्या माणसाची अख्ख्या गावानं मस्करी केली, त्याच्याचबद्दल पारावर लोक बोलू लागले की पुंडलिकरावाचं ध्यान नव्हतं. दुकानात गेलं की हे कानावर येई. विमलताईंनी मग दुकानात जाणंच सोडलं.

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. दोघांचीही चूक दिसली तर कोर्ट चूक वाटून टाकतं, अर्धी गाडीवाल्याची, अर्धी सायकलवाल्याची, आणि भरपाईही तशीच कापली जाते. "तेव्हा सायकल आधी डावीकडंच पडली होती, हे सांगणारा कुणीतरी पाहिजे. फाट्यावर कोण होतं?"

चहावाला होता, पण साक्षीचं नाव काढताच तो म्हणाला, "मी तं पाणी आणाले गेलतो." बाकीच्यांनी तर तेवढीही तसदी घेतली नाही.

"मग सायकल उचलली कुणी?"

"म्या," विमलताई म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

"आणि अपेक्षा?" त्यांची मुलगी तेव्हा दिग्रसला बारावीला होती.

"थे मामाकडं गेलती, पुसदले."

साक्षीच्या आधी मी त्यांची तयारी करून घेतली. टेबलावर कागद पसरला, काडेपेटी म्हणजे पिकअप, पेनचं टोपण म्हणजे सायकल. पडली कुठं, दाखवा. त्या टोपण हातात घेऊन बसायच्या. एकदा रस्त्याच्या कडेला ठेवायच्या, एकदा पार फाट्याच्या आत. चाक कुठं होतं म्हटलं की माझ्याच तोंडाकडं पाहायच्या. मी चिडले. "ताई, तुमच्या हातानं उचललीय ना? मग?" त्या म्हणाल्या, "त्या टायमाले काही सुचत नोहतं, बाई."

यवतमाळच्या कोर्टात उलटतपासाला समोरचे वकील उभे राहिले. माणूस सभ्य. आवाजही चढवला नाही.

"सायकल तुम्ही एकट्यानं उचलली?"

"हो."

"कॅरिअरला ढेपेचं पोतं होतं. ते आधी सोडलं, की पोत्यासकट उचलली?"

विमलताईंनी पदर सावरला.

"पोतं दोरीनं बांधलं होतं, की ट्यूबनं?"

"दोरीनं असंल."

"असंल म्हणजे? सोडलं तुम्ही ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला खाली पाहावं लागलं. पुढं सायकलचं तोंड कुणीकडं होतं, हँडल कोणत्या बाजूला होतं, सगळ्याला एकच उत्तर, ध्यानात नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, थे डाव्या अंगानंच येत होते. ते उलटे कधीच चालले नाही." पण बायको नवऱ्याबद्दल असं म्हणणारच, आणि कोर्टालाही ते माहीत असतं.

बाबुलाल साक्षीला आलाच नाही. बोलला असता तर फौजदारी खटल्यात स्वतःच अडकला असता. त्याच्या गप्प राहण्यावर मी जीव तोडून बोलले आणि न्यायाधीशांनी ते मानलंही. म्हणून सगळी चूक पुंडलिकरावांवर आली नाही. अर्धी आली.

निकाल लागला त्या दिवशी आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो होतो. अर्धी चूक म्हणजे काय हे मी सांगितलं तेव्हा विमलताई रडल्या नाहीत. मलाच रडू येत होतं. हरण्याचा राग होता आणि या बाईचा त्याहून जास्त राग होता, की एक साधी सायकल तिला नीट सांगता आली नाही. त्या रागाची आज मला लाज वाटते.

"नागपूरला अपील करू," मी म्हटलं. "सायकल पडलेली पाहिलेला एक माणूस मिळाला तर त्याला आणायची परवानगी मागता येईल. अवघड आहे, पण मागता येईल."

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. म्हणाल्या, "वकीलबाई, खरं सांगजा. सायकल पडल्या जागीच राहू देली असती, तं त्याईची चूक निघाली नसती?"

मी थकले होते. जे होतं ते बोलून गेले. "नसती निघाली. सायकल डावीकडं दिसली असती तर समोरच्यांना बोलायला जागाच नव्हती."

त्यांनी मान हलवली.

"मंग हे पोट्टीले कधी नोका सांगू," त्या म्हणाल्या. "सायकल म्या नाही उचलली. अपेक्षानं उचलली."

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. अपेक्षा पुसदला गेलीच नव्हती. कॉलेजमधून येताना ती बसमधून फाट्यावर उतरली, तर बापाला पिकअपमध्ये ठेवत होते. गाडी निघून गेली. कुणीतरी म्हटलं, घरी जाऊन आईले सांग. पण बापाची सायकल अशी रस्त्याच्या डाव्या कडेला पडू देऊन पोरगी घरी कशी येईल? तिनं दोरी सोडली, पोतं ओढत नेलं, सायकल नेली, रोजच्या झाडाला लावली. "मी धावत पोचली तवा पोट्टी माती टाकून राह्यली होती," विमलताई दोन्ही हातांची ओंजळ करून म्हणाल्या. "वंजळीनं."

म्हणजे मला हवा असलेला साक्षीदार पहिल्या दिवसापासून त्यांच्या घरात होता. दोरी की ट्यूब, चाक कुठं, हँडल कुठं, सगळं तिनं पाहिलं होतं. मी त्यांचा हातच धरला. "ताई, तिला उभी करू. पुंडलिकरावांच्या नावावरचा डाग जाईल. तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

"हेच पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "पण तो वकील मले विचारे तसा तिले विचारीन. तू पलीकडं नेली म्हणून बापावर चूक आली, हे तिले तिथं, साऱ्याईसमोर समजीन. मंग थे जगन कशी? त्याईच्या नावावर अर्धी चूक राहू द्या. पोट्टीच्या डोक्यावर सारीच बसन." मग म्हणाल्या, "त्याईले विचारलं असतं, तं त्याईनंबी हेच सांगितलं असतं."

मी अपिलाचा विषय सोडून दिला. जिंकता येण्यासारखी केस समोर दिसत असूनही ती लढायची इच्छा होत नाही, असं माझं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

अपेक्षा आता यवतमाळलाच शिकते. कॉलेज सुटलं तशी ती थेट कोर्टात आली. घामाघूम होऊन समोर उभी राहिली आणि आईऐवजी मलाच विचारलं, "मॅडम, निकाल काय लागला?"

विमलताईंनी माझ्याकडं पाहिलं.

"सगळी चूक गाडीवाल्याची निघाली," मी म्हटलं.

ती तिथंच पायरीवर बसली आणि तोंड ओढणीत घालून रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "मले वाटे मॅडम, त्या दिवशी सायकल मी पलीकडं लावली, म्हणून काही..."

"सायकलचा विषयच निघाला नाही," मी म्हटलं. माझा आवाज कोर्टात कधी निघाला नाही इतका पक्का निघाला.

तिनं डोळे पुसले. आईला बिलगून बसली. तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता, हे मला तिच्या आईकडं पाहून कळलं.

"आई," ती म्हणाली, "आता गावात सांगता येते ना, बाबाची चूक नोहती म्हणून?"

"सांग," विमलताई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "साऱ्याईले सांग."