बाहेरची गाडी

थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये न राहणाऱ्यांनी गाडी लांब लावायची, असा नियम होता. पण सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून जावयाने फाटकावर ठोकून दिलं, "आम्ही इथेच उतरलोय."

"खोली नंबर?" रखवालदाराने विचारलं.

जावई उगाच खिसे चाचपू लागला. मागे नातीशेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "खोली कसली? घरून डबा बांधून आलोय!"

रखवालदार हसला. "आजींना इथे सोडा. गाडी मात्र लांबच लावा."

जावई घामाघूम होऊन चालत परतला, तेव्हा सासूबाई रखवालदाराच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या आणि तो उन्हात उभा होता.

संध्याकाळी गाडीत नातीने विचारलं, "आजी, सगळ्यात भारी पाळणा कुठला?"

"फाटकावरची खुर्ची!"

घरी जाताना वाटेत तेच फाटक आलं, तसा जावयाने कुणी न अडवताच ब्रेक दाबला आणि काच खाली करून रखवालदाराला सलाम ठोकला.