फाटकावरून

नंदिनीच्या नवऱ्याला, सुगतला, जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून राजेंद्र नगरमधल्या त्या घराच्या फाटकाला दिवसाही कुलूप असे. चावी सासऱ्यांच्या, धोंडिबांच्या, खिशात. दूध, भाजी, औषधं सगळं तेच आणत. नंदिनी "मी जाते" म्हणाली की म्हणत, "मी आहे ना, बेटा."

नंदिनी शहराबाहेर, सांवेर गावातल्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायची. त्या संध्याकाळी तिची बस चुकली. तिने सुगतला फोन केला, "घ्यायला ये." तो मोटरसायकल घेऊन निघाला आणि सांवेर रोडवर ट्रकखाली आला. त्यावरून घरात तिला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

एका सकाळी शाळेतली सहशिक्षिका सुरभी भेटायला आली.

"मॅडम, राजीनामा पाठवायच्या आधी मला तरी सांगायचं!"

"कसला राजीनामा?"

"मागच्या आठवड्यात तुमच्याच नंबरवरून मेसेज आला ना."

मागच्या आठवड्यात तिचा मोबाइल दोन दिवस दिराकडे, ज्ञानदीपकडे होता. "रिपेअर करून आणतो, भाभी," म्हणून तो घेऊन गेला होता.

सुरभीला बाहेर सोडून धोंडिबांनी कुलूप लावलं. नंदिनी व्हरांड्यातच उभी होती.

"बाबा, माझा राजीनामा कोणी पाठवला?"

"ज्ञानदीपने. मीच सांगितलं त्याला. त्या रोडने आता या घरातलं कोणी जाणार नाही."

"मला विचारलंही नाही?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"फोन मी केला होता, बाबा. त्याची शिक्षा देताय, तर तसं सांगा."

धोंडिबा खुर्चीत बसले. "तो चहा पीत होता. म्हणाला, एवढा संपवून निघतो. मी म्हटलं, अरे, ती एकटी उभी असेल, आधी जा. अर्धा कप तसाच टाकून गेला."

हे तिला माहीत नव्हतं. ती त्यांच्या पायाशी बसली. मग म्हणाली, "चावी द्या, बाबा."

"नाही."

तिने पर्स गळ्यात अडकवली आणि फाटकाच्या आडव्या पट्टीवर पाय ठेवला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण अनुष्का थबकली. टोकदार सळईत अडकून नंदिनीचा कुर्ता फाटला.

"नंदिनी, लागेल तुला!" मागून धोंडिबा ओरडले. तोवर तिने बाहेर उडी मारली होती.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. अपघाताची ती जागा बघायची होती. पण दोन्ही बाजूंना सोयाबीनची सारखीच शेतं होती, आणि बघता बघता सांवेर आलं.

तिच्या जागी सोमवारपासून नवी टीचर आली होती. "जूनमध्ये बघू," प्राचार्य म्हणाले. तिने कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहून दिलं, की तो राजीनामा माझा नव्हता.

परत आली तेव्हा धोंडिबा रस्त्यावर उभे होते.

"ती जागा दिसली?"

"ओळखू आली नाही."

"मी अजून गेलोच नाही."

"उद्या चला. मी नेते."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिला आत घेऊन कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी जायला शाळा नव्हती. तरी दहाला तिने चावी मागितली. त्यांनी दिली नाही. ती पुन्हा फाटक चढून गेली आणि कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन आली. परत चढून आत यायच्या आधी तिने सळयांमधून जुडी पुढे केली.

धोंडिबांनी ती धरली. दुसऱ्या हाताने फाटक धरलं, हलू नये म्हणून.