मक्याचं कणीस

बाउदेलियोने दाणे काढलेलं मक्याचं कणीस बसच्या इंजिनाखालच्या नळीच्या तोंडात घातलं आणि दगडाने ठोकून घट्ट बसवलं. मग गुडघे धरत बसखालून बाहेर येऊन त्याने जमिनीवरच्या तेलाच्या डागावर राख पसरली. त्याची बायको एर्मिनिया चुलीपाशी उभी राहून हे सगळं बघत होती.

"ती नळी कधी बुजवू नये, असं तुम्हीच सांगायचात," ती म्हणाली.

"अर्ध्या तासानं काय बिघडतंय? बस घ्यायला येणारा सिप्रियानो पडला कापडवाला. तेल ठिबकताना दिसलं की घाबरून पळेल."

जुनं टू-स्ट्रोक डिझेल इंजिन ते. पोटातली वाफ त्या नळीतून बाहेर टाकायचं आणि वाफेबरोबर तेलाचे थेंबही. बस उभी राहिली आणि खाली डाग पडला नाही, असं कधी झालंच नव्हतं. नळी बुजली की आत दाब कोंडतो आणि सील फोडून तेल भलतीकडूनच बाहेर येतं, हे बाउदेलियोला तोंडपाठ होतं. पण आता गुडघे क्लच दाबू देत नव्हते. गरज पडली की शहाणा माणूससुद्धा काय काय करतो!

बस विकली की पुएब्ला शहरात मुलीकडे राहायला जायचं होतं. चौथा मजला. तिथे चूल नाही, परसातला पेरू नाही, कोंबड्या तर नाहीतच. एर्मिनियाला जायचं नव्हतं. तसं तिने स्पष्ट सांगितलंही होतं. "आधी बस तर विकू दे," एवढंच उत्तर मिळालं होतं.

तो सदरा बदलायला घरात गेला. एर्मिनियाने झगा आवरला, बसखाली वाकली आणि कणीस ओढून काढलं. राखही पायाने सारली. पळू दे मेल्याला! कणीस तिने एप्रनच्या खिशात टाकलं.

सिप्रियानो आला. बाउदेलियोने इंजिन सुरू केलं, तशा कोंबड्या ओरडत पेरूखाली पळाल्या. थोड्या वेळाने नळीच्या टोकाशी एक थेंब जमला आणि खाली पडला. मागोमाग दुसरा. खाली उतरलेल्या बाउदेलियोचा चेहरा पडला.

सिप्रियानो उकिडवा बसून बघत राहिला.

"त्याचं काय आहे…" बाउदेलियो चाचरला.

"माझा बाप असलीच गाडी चालवायचा, काका. म्हणायचा, ही ठिबकत नसेल तर एक तर पोटात तेल नाही, नाहीतर कुणीतरी बूच मारलंय. मागे एक बघितली, खालून कोरडी ठाक. आल्या पावली परत फिरलो." तो हात झटकत उठला. "ही घेतो."

काचेवरची ग्वादालुपेच्या मेरीमातेची तसबीर बाउदेलियोने काढून घेतली. दुपारी सिप्रियानो बस घेऊन गेला. अंगणात तेलाचा डाग तेवढा राहिला.

"कणीस तू काढलंस ना?" बाउदेलियोने विचारलं.

"हो."

"अगं, मी एक गाढव! तू नसतीस तर आलेलं गिऱ्हाईक गेलं असतं." त्याने तिचा हात धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. "आणि मला वाटत होतं, तुझ्या जायचं मनातच नाही."

एर्मिनियाने हात सोडवून घेतला, खिशातलं कणीस काढून अंगणात फेकलं. कोंबड्या धावत आल्या, टोचून बघितलं आणि निघून गेल्या.

"ह्या कुणाला द्यायच्या, तेवढं ठरवा," ती म्हणाली.