आपोआप लागणारं दार

आईने दोऱ्याचं टोक चौकटीच्या वरच्या कोपऱ्याशी अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसऱ्या टोकाला बांधलेलं पितळी वजन हळूच खाली सोडलं. वजन दोन-तीनदा झुललं आणि स्थिर झालं. वर दोरा लाकडाला चिकटलेला होता, खाली मात्र मध्ये बोटभर अंतर दिसत होतं. चौकट कलली होती. भिंत बसली असेल, नाहीतर सुताराने पहिल्यापासूनच तशी ठोकली असेल. दाराला त्याचं काय, कल मिळाला की ते आपलं चालू लागायचं.

लेकीला इस्पितळातून घरी आणून आज नऊ दिवस झाले होते. तिच्या खोलीला आतून कडी नको, असं डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं आणि बापाने त्याच संध्याकाळी कडी उपसून काढली होती. तिच्या जागी आता चार भोकं होती. पण कडी काढून काय होणार होतं? दार सताड उघडं ठेवून आई स्वयंपाकघरात वळली, की ते तिच्या पाठीमागे हळूहळू सरकायचं आणि 'टक्' करून लागायचं. तो आवाज आला की आई हातातलं टाकून धावायची. धावून गेल्यावर काहीतरी निमित्त हवंच. धुवायचे कपडे आहेत का, खिडकी लावू का, माझा चष्मा राहिलाय का इथे. चष्मा नाकावरच असायचा.

बापाने दाराला पाण्याने भरलेला डबा लावून पाहिला होता. तो लेकीने दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणून ठेवला.

"दुकान आहे का माझं, दिवसभर उघडं ठेवायला?"

नऊ दिवसांत ती एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली होती.

आज बाप कामावर रुजू झाला होता. आईने आणखी आठवड्याची रजा वाढवून घेतली होती. शाळेच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं मदतनीस होती. अडकलेले तराजू, गळके नळ, हलणारी टेबलं, सगळं तिच्याच हातून मार्गी लागायचं. इथे मात्र अवजारांची पेटी उघडून ती नुसती बघत बसली. पटाशी, कातरी, करवतीचं पातं. तिने पेटीचं झाकण लावलं, पेटी कपाटावर अगदी मागे सारली आणि फक्त हातोडी व एक जाड बोथट खिळा घेऊन खोलीच्या दाराशी आली.

"आत येऊ? दाराचं काम करायचंय."

लेक पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिने पाय जवळ ओढून घेतले. आईने तेच उत्तर समजून घेतलं.

बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या, आणि त्यांच्यातून आरपार जाणारी खीळ काढायची तर दार मिटलेलं हवं. आईने ते स्वतःच्या हाताने लावलं. नऊ दिवस ज्याच्या धास्तीने धड जेवण गेलं नव्हतं, ते दार लावून ती लेकीकडे पाठ करून उभी राहिली. खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली. दोघींचे श्वास ऐकू येत होते.

मधल्या बिजागरीच्या खाली खिळा टेकवून तिने हातोडीने वर ठोकलं. खीळ कुरकुरत वर आली. खिडकीच्या दगडी कठड्यावर ती आडवी धरून आईने तिच्या बाहेर राहिलेल्या टोकावर घाव घातला. पहिला घाव दगडावर बसला.

"सरळ आहे ना ती?" मागून आवाज आला. "वाकडी कशाला करतेयस?"

"सरळ असली की दाराला कुणी अडवत नाही. जरा बाक आला की आत घासते. मग दार आपलं आपण फिरत नाही."

"म्हणजे बिघडवून दुरुस्त करायचं."

"तसं म्हण."

दुसरा घाव अंगठ्यावर बसला. तिने आवाज गिळला, पण डोळ्यांत पाणी आलंच. पलंग करकरला. लेक शेजारी येऊन उभी होती.

"आण इकडे."

आईने हातोडी लगेच सोडली नाही. दोघींचे हात दांड्यावर क्षणभर तसेच राहिले. मग आईची बोटं सैल झाली.

लेकीने दोन नेमके घाव घातले आणि खीळ डोळ्यांसमोर धरून पाहिली. "बास?"

"बास."

वरच्या बिजागरीपर्यंत आईचा हात पुरत नव्हता. लेक स्टुलावर चढली. खाली उभ्या असलेल्या आईने तिचा घोटा धरला.

"आई, पाय सोड. स्टूल धर."

आईने स्टूल धरलं.

दोन्ही खिळी परत बसल्या तेव्हा लेकीने दार अर्धं उघडून सोडून दिलं. ते थांबलं. पाऊणभर उघडलं, तिथेही थांबलं. दोघी दाराकडे अशा पाहत राहिल्या की जणू ते आता काहीतरी बोलणार होतं.

"ठेवू तिथे राहतंय," लेक म्हणाली. मग नजर दारावरून न काढता म्हणाली, "आता बंद दिसलं, तर मी लावलंय. दाराने नाही."

आई वाकून खिळा उचलत होती. तो तिच्या हातून दोनदा निसटला.

"हो," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात आईने भाजी चिरायला घेतली. दोन तुकडे केले की मान वर. दार अर्धं उघडं. गॅस पेटवला, पुन्हा मान वर. अर्धं उघडं. डब्यातून मीठ काढून झाकण लावलं आणि पाहिलं, तर दार बंद होतं. 'टक्' झालंच नव्हतं. कुणीतरी मूठ फिरवून, आवाज होऊ न देता ते लावलं होतं.

दारापर्यंत ती कशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. हात मुठीवर होता. फिरवायचा अवकाश. तिने तो काढून घेतला, कपड्यांना पुसला आणि दोन बोटांनी टकटक केलं.

आतून काही नाही.

तिने कपाळ लाकडाला टेकवलं.

"आई?"

"हो."

"आहे गं मी. कपडे बदलतेय."

"असू दे. सावकाश होऊ दे."

आई वळली. चार पावलं गेली, थांबली, मग पुढे गेली. मोरीत सकाळची भांडी पडली होती. नळ पूर्ण सोडला की घरातलं दुसरं काहीच ऐकू येत नाही, हे तिला ठाऊक होतं. चावीवर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने नळ पूर्ण सोडला आणि भांडी घासायला घेतली.