छावणीची फाइल

गोदावरी पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या दुकानात आली, तेव्हा मी एका माणसाच्या रेशन कार्डाच्या अर्जात त्याच्या बायकोचं वय तिसऱ्यांदा बदलत होते. माझं दुकान उमापूरच्या बसस्टँडजवळ. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि मी. लोक येतात, अर्ज भरून घेतात, जातात. मी कामापुरती मामी. "बस" म्हटल्यावर खरोखर बसलेलं माणूस त्या दुकानात मी कित्येक महिन्यांनी पाहिलं.

"मावशी, मी त्रिंबकरावांची गोदावरी. आबांची फाइल हाय यात," ती म्हणाली. "गेवराईत तीन दुकानं फिरले. समदे म्हनले, व्हायरस लागलाय, फाइल मेली."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मेलेली फाइल उघडत नाही. ही उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा आणि स्वल्पविराम यांची एकसष्ट पानं भरली होती, आणि त्यातला एकही शब्द लागत नव्हता. पहिल्याच ओळीत Nko.kh असं काहीतरी होतं. ते पाहिलं आणि माझ्या उजव्या हाताची बोटं आपली आपण हलली. छावणी.

त्रिंबकराव म्हणजे आमच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. मी तिथं बावीस वर्षं टाइपिस्ट होते. दोन हजार तेराच्या दुष्काळात संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी चालवली. त्यानंतर दूधच राहिलं नाही, मग संस्था तरी कशी राहील. ती मोडली तेव्हा त्रिंबकरावांनी ऑफिसातला कॉम्प्युटर लिलावात घेतला आणि घरी नेला. गेल्या आषाढात ते गेले. मी मातीला गेले नाही.

"शेवटची दोन वर्षं टाइपच करीत व्हते," गोदावरी म्हणाली. "जेवायला हाक मारली तरी उठत न्हवते. काय लिवता म्हनलं तर म्हनायचे, छावणीचं."

"तो कॉम्प्युटर कुठाय?"

"धाकट्यानं भंगारात देला. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, आता खोक्याचं काय काम म्हनला."

"आन् पाठीमागची डबी?"

"कसली डबी?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या त्या मराठीच्या सॉफ्टवेअरला एक कुलूप असायचं. अंगठ्याएवढी डबी, कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचायची. ती असली की पडद्यावर मराठी दिसायचं. ती नसली की दाबलेल्या कळांवरची नुसती इंग्रजी अक्षरं दिसायची. विकणारी कंपनी कधीच बंद पडली. दुसरी डबी आता कुठून आणायची?

"तुझा भाऊ लई शहाणा," मी म्हणाले. "घर राखलं आन् किल्ली भंगारात घातली."

त्यानं आणखीही एक शहाणपणा केला होता. फाइल आपल्या लॅपटॉपवर उघडली आणि वर सेव्ह केली. त्या लॅपटॉपनं हे इंग्रजीच आहे असं समजून जागोजाग लहान अक्षरांची मोठी अक्षरं केली होती. आमच्या टायपिंगमध्ये लहान अक्षर आणि मोठं अक्षर म्हणजे दोन वेगळी माणसं. आता डबी मिळाली असती तरी निम्मी फाइल चुकीचीच दिसली असती.

गोदावरी स्टुलाच्या कडेवर बसली होती. चकलांब्याला दिली आहे तिला, तिकडं अंगणवाडीत काम करते. पर्स मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "समदं न्हाई वाचलं तरी चालंल. माझं नाव कुठं आलंय का, तेवढं बघा. आबा आठ महिने छावणीत राह्यले मावशी. घर दीड किलोमीटरवर. माझं धावीचं वर्ष. निकालाच्या दिवशीबी आले न्हाईत. फुडं कधी इचारलं न्हाई, की पोरी, तुला किती मार्क पडले. मरूस्तवर न्हाई इचारलं."

"आईला म्हाईत हाय का, तू हितं आलीस ते?"

"न्हाई. आई तुमचं नाव काढू देत न्हाई."

का म्हणून, ते मी विचारलं नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई, ऑफिसात एकटी, समोरच्या टेबलावर सेक्रेटरी. गावाला एवढं पुरतं. घडलं काहीच नव्हतं. ते बावीस वर्षं मला 'टाइपिस्टबाई' म्हणत राहिले, मंजुळा हे माझं नाव त्यांनी फक्त पगारपत्रकात लिहिलं. माझ्या मनात होतं का? होतं. आता कशाला लपवू. पण ते माझ्या मनात होतं, टेबलाच्या पलीकडं गेलं नाही.

"ठेव ती फाइल," मी म्हणाले. "दहा दिवसांनी ये."

मी मराठी टायपिंग बीडला शिकले, लोखंडी मशीनवर. कळांवर फडकं टाकून शिकवायचे. त्यामुळं मला अक्षर आठवत नाही, बोट आठवतं. पडद्यावरचं इंग्रजी अक्षर पाहायचं, ती कळ कुठल्या बोटाची ते बोटानंच ठरवायचं, आणि बोट हललं की मराठी अक्षर कळायचं. मी गिऱ्हाइकं सकाळी उरकायची आणि दुपारी पंखा चालू असेल तोवर त्रिंबकरावांचं एकेक वाक्य बोटांनी वाचून दुसऱ्या फाइलमध्ये नीट मराठीत उतरवायची. जिथं लॅपटॉपनं अक्षर बदललं होतं तिथं अडायला व्हायचं. मग मागची-पुढची चार अक्षरं पुन्हा बोटांनी वाचायची.

ते दोन बोटांनी टाइप करायचे. संस्था मोडायच्या आधी महिनाभर मीच शिकवलं होतं. एका कळेवर त्यांचं बोट नेहमी घसरायचं, आणि तीच चूक पानोपानी होती. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी पंखा बंद केला आणि ती ओळ पुन्हा बोटांनी वाचली.

काय काय लिहिलं होतं त्या माणसानं! छावणीत सहाशे बेचाळीस जनावरं होती आणि बहुतेक सगळ्यांची नावं होती. ऊसतोडीला जाणारी माणसं बैल गाडीला जुंपून घेऊन गेली आणि दुभती जनावरं आमच्या खुंट्याला बांधून गेली. जाताना प्रत्येकानं त्रिंबकरावांच्या हातात दावं दिलं होतं. कागद नाही, सही नाही. दावं हातात दिलं म्हणजे जनावर सोपवलं. ते दावं त्यांनी घेतलं, म्हणून ते आठ महिने तिथून हलले नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं. "पाहुण्याची लेक एक वेळ विसरता येईल, पण हातात दिलेले दावे विसरता येत नाही." राखणदार सटवाला विंचू चावला ती तारीख होती. दगडाबाईची म्हैस कोणत्या दिवशी उठेना झाली आणि कोणत्या दिवशी उठली तेही होतं. टँकर किती वाजता यायचा होता आणि किती वाजता आला, रोजचं.

गोदावरीचं नाव नव्हतं.

ती रोज सकाळी दहाला फोन करायची. "आलं का मावशी?" मी म्हणायची, "अजून लई पानं हायेत." पाचव्या दिवशी तिनं 'आलं का' विचारणंही सोडलं. नुसतं "मावशी?" म्हणायची आणि थांबायची.

खरं सांगायचं तर मी तिच्या एकटीसाठी वाचत नव्हते. प्रत्येक पानाला मी माझंही नाव शोधत होते. त्या आठ महिन्यांत मी एक दिवसाची रजा घेतली नाही. तहसीलला गेलेलं प्रत्येक पत्र माझ्या बोटांतून गेलं. माळाच्या कडेलाच असलेल्या आमच्या ऑफिसचं पत्र्याचं छत एप्रिलमध्ये तापायचं तेव्हा मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन टाइप करत होते, आणि ते समोर बसून मजकूर सांगत होते. चाळिसाव्या पानावर मी आले. "या कामी कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी सहकार्य केले."

कार्यालयीन कर्मचारी म्हणजे मी. दुसरं कुणी नव्हतंच तिथं. ज्या माणसानं म्हशी नावानिशी लिहिल्या, त्याला माझ्यासाठी दोन अक्षरं जड झाली. मी इतकी चिडले की कॉम्प्युटर बंद केला, दुकानाला कुलूप लावलं आणि भर उन्हात गावाला एक फेरी मारून आले. कुणाला सांगणार होते? घरी आले, भाकरी केली, एकच केली, तीही अर्धी राहिली.

दुसऱ्या दिवशी सात जून आला, म्हणजे त्यांच्या फाइलमधला. "जनावरे सहाशे बेचाळीस. वैरण संध्याकाळपर्यंत पुरेल. टँकर आला नाही." बस. मी त्या तारखेवर थांबले, कारण तो दहावीच्या निकालाचा दिवस होता.

तो दिवस मला पाठ आहे. दुपारी एकच्या सुमारास ते ऑफिसात आले. वैरणीच्या चिठ्ठीच्या पाठीमागं लिहिलेला परीक्षा नंबर त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि दाराशी जाऊन माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. त्या वेळचं ऑफिसचं इंटरनेट म्हणजे एकेक ओळ उमटायला पाच-पाच मिनिटं. अर्धा तास ते तसेच उभे होते. "एक्क्याऐंशी टक्के," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि माळावर गेले. मी खिडकीतून पाहिलं. दगडाबाईच्या म्हशीच्या मानेवर हात ठेवून ते किती तरी वेळ उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. मग परत आले, खुर्चीवर बसले, म्हणाले, "टाइपिस्टबाई, टँकरचं पत्र घ्या." त्यांचे डोळे लाल होते. मी पत्र घेतलं.

हे गोदावरीला तोंडानं सांगता आलं असतं. पण तिला बापानं लिहिलेलं हवं होतं, माझ्या सांगण्याचं ती काय करणार? आणि आईला कळलं तर? 'ती बाई सांगते' म्हटल्यावर त्या घरात ते खरं राहिलंच नसतं.

सांगितलेल्या मजकुरात बावीस वर्षांत मी एक काना-मात्रा माझ्या पदरची घातली नव्हती. चेअरमन सुंदरराव चुकीचं सांगायचे, तर मी चुकीचंच टाइप करायची. हाच माझा ताठा. त्या दुपारी मी सात जूनच्या खाली, त्रिंबकरावांच्या कोरड्या मराठीत, लिहिलं:

"आज चि. गोदावरी हिचा दहावीचा निकाल. टाइपिस्टबाईंनी पाहून सांगितला. एक्क्याऐंशी टक्के. घरी जावे असे फार वाटले. टँकर न आल्याने जाता आले नाही. दगडाबाईच्या म्हशीला सांगितले."

'फार वाटले' हे माझं. बाकी सगळं घडलेलं होतं. वाचून पाहिलं. टाइपिस्टबाई तिथं किती छान बसली होती. एकसष्ट पानांत एकदा. त्या तीन शब्दांकडं मी बराच वेळ पाहत राहिले. गोदावरीची आई हे वाचणार, आणि पहिल्यांदा तिची नजर तिथंच जाणार. तिला मग मुलीचे मार्कही दिसायचे नाहीत, नवऱ्याचं मनही नाही. शिवाय, खरं बोलायचं तर, त्यांनी ते लिहिलंच नसतं. मी ते वाक्य पुसलं. अक्षरामागून अक्षर, कळ एकेकदा दाबून.

दहाव्या दिवशी गोदावरी आली. मी पानं छापून, पिना टोचून ठेवली होती. "सात जून बघ," म्हणाले आणि झेरॉक्स मशीन उगाच पुसायला लागले.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग पदर तोंडावर घेऊन ती अशी रडली, की बाहेरचा रसवंतीवाला डोकावून गेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माणसाच्या पाठीवर हात ठेवून मला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक.

"म्हशीला सांगितलं," ती रडता रडता हसली. "मला न्हाई, म्हशीला."

"तसेच व्हते ते," मी म्हणाले.

तिनं डोळे पुसले आणि ते पान पुन्हा समोर धरलं. अंगणवाडीतल्या बाईची नजर, हिशोबी. "पर मावशी, आबांना निकाल कळला कसा? मोबाइल तर साधा व्हता. छावणीत कुनी बघून सांगितला आसंल?"

"आसंल कुनीतरी."

"लई उपकार झाले म्हना त्या मानसाचे." तिनं पान नीट सरळ केलं. "आबांनी त्याचं नाव लिवायला पायजे व्हतं. म्हशीचं लिवलं, अन् त्याचं न्हाई."

"पायजे व्हतं," मी म्हणाले, आणि तिला पानं ठेवायला पिशवी दिली.