हनुवटीची दांडी

ताई ट्रक चालवायची. भरलेल्या मालावर ताडपत्री आवळताना दोर तुटला, ती वरून पडली आणि मानेखालचं सगळं शरीर लुळं झालं. आता तिच्या टेबलाला एक छोटी दांडी बसवली होती. ती हनुवटीने हलवून ताई कॉम्प्युटर चालवायची आणि रोज दुपारी ट्रकच्या खेळात लांब पल्ल्याच्या गाड्या हाकायची. कुठकुठले लोक त्या खेळात तिच्यासोबत ताफ्याने निघत. ते तिला ‘उस्ताद’ म्हणत. तिचं काय झालंय, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

मग खेळ उघडणाऱ्या लाँचरवर लाल पट्टी यायला लागली. तुमची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली, लवकरच तिच्यावर हा लाँचर चालणार नाही.

"नवी टाकू," धाकटा भाऊ म्हणाला. तो घरं रंगवायची कामं घ्यायचा. "त्यात काय एवढं?"

"दांडी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. नव्या सिस्टीमनं दांडीला ओळखलंच नाही तर?"

"ओळखेल गं."

"हात लावू नकोस, बाळ्या."

पण त्याला राहवलं नाही. घरी राहणारी मावशी ताईला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेली, तसा तो बसला आणि नवी सिस्टीम टाकून मोकळा झाला. लाँचर झकास उघडला. दांडी मात्र मेली. त्याने वायर काढून परत घातली, फुंकर मारली, दुसऱ्या खाचेत घातली. पडद्यावरचा बाण ढिम्म हलेना. शोधता शोधता ‘मागच्या सिस्टीमवर परत जा’ असा पर्याय सापडला. त्याने तो दाबला. टक्के मुंगीच्या पावलांनी चढू लागले.

निम्मे होतात न होतात, तोच दारात खुर्चीची चाकं वाजली.

ताईने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मावशीला अचानक स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवलं आणि ती आत सटकली.

"तुझ्यासाठीच केलं," तो म्हणाला.

"माझी म्हणून ही मानच उरलीय," ताई हळू आवाजात म्हणाली. "तिचंसुद्धा तू परस्पर ठरवलंस."

दोघं चढत्या टक्क्यांकडे बघत राहिली. मध्येच पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. धाकट्याने दोनदा बटणाकडे हात नेला, दोनदा मागे घेतला. ताईने डोळे मिटून घेतले होते. शेवटी जुनं चित्र उजळलं. त्याने ताईची खुर्ची टेबलाशी आणून दांडी तिच्या हनुवटीखाली सरकवली. बाण थरथरला आणि डावीकडे वळला.

तेवढ्यात लाँचर आपोआप उघडला आणि कुणाला न विचारता स्वतःचा नवा अपडेट उतरवू लागला. त्याखालची ओळ वाचून धाकट्याचा चेहरा उतरला.

"ताई, हा पुरा उतरला की लाँचर या जुन्या सिस्टीमवर परत उघडायचा नाही. आत्ताच इंटरनेटची वायर काढतो. खेळ इथंच आहे, तो चालेल. पण तुला एकटीनं खेळावं लागेल."

"थांब."

"आधीच निम्मा उतरलाय."

"थांब म्हणते ना."

लाँचरसोबत ताफ्याच्या गप्पांची खिडकीही उघडली होती. ताई पडद्यावरच्या कीबोर्डवरचं एकेक अक्षर हनुवटीने टिपू लागली. दांडी घसरली, एक अक्षर चुकलं. ते तिने पुसलं आणि परत टिपलं. धाकट्याने वायर मुठीत धरली होती.

"मी टाइप करू का?"

"नको."

अपडेटची पट्टी जवळजवळ भरली. वाक्य पुरं झालं: ‘मी इथून वळते. तुम्ही सरळ जा.’

मग एकाने लिहिलं, ‘पों.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘पों पों.’ मग सगळ्यांनीच हॉर्न द्यायला सुरुवात केली आणि खिडकी खालपर्यंत भरून गेली.

"काढ," ती म्हणाली.

त्याने वायर उपटली. पट्टी होती तिथेच अडकली. लाँचरने कुरकुर केली, नेट नाही म्हणून तक्रार केली आणि मुकाट्याने खेळ उघडून दिला. समोर लांबलचक रस्ता होता. मागेपुढे एकही ट्रक नव्हता.

धाकटा स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला.

"अजून चिडलीयस?"

"हो," ताई म्हणाली. "आता गप्प बस. पुढं घाट आहे."