सरजाबाईच्या अंगणातले पत्रे

गोदावरी सरजाबाईच्या घरात शिरली आणि जाताना घर सोबत घेऊन गेली, याला दोन उन्हाळे झाले होते. मागं राहिली फक्त दाराची चौकट. सागवानी होती, नदीला पेलली नसावी. सरजाबाईनं चौकटीमागं उघड्यावर चूल मांडली. पण जा-ये करायची ती चौकटीतूनच, आणि तीही वाकून. कुणी बाजूनं आलं की विचारायची, "भिंतीतून आलास का रं बाबा?"

मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायचं अजून बाकी होतं, तेव्हाची ही गोष्ट. सोनपेठच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या या गावाला सरकारनं तीन घरकुलं मंजूर केली. बेघर कोण ते ठरवायला तालुक्याचे साहेब यायचे होते. आदल्या दिवशी कोतवालानं हलगी बडवत दवंडी दिली, "ज्याच्या डोक्यावर छप्पर न्हाई, त्यालाच घरकुल होऽ!"

यादीत पहिलं नाव सरजाबाईचं. तिला भाकर गोड लागेना. पावसाळा आला की शाळेच्या ओसरीत पथारी टाकायची आणि घंटा व्हायच्या आत ती गुंडाळायची, असे दोन पावसाळे सत्तरीच्या बाईनं काढले होते. तिसरा काढायची तिची तयारी नव्हती.

पण दवंडी तिनं एकटीनं थोडीच ऐकली होती! गावानं सरळ हिशेब केला. छप्पर नसलं की घरकुल मिळतं, तर मग छप्पर ठेवायचं कशाला? पत्रे उतरवायला घराघराला शिड्या लागल्या. दिवस मावळायच्या आत चाळीस घरं बोडकी झाली आणि यादीत चाळीस नावं वाढली. सरपंच व्यंकटराव तर आपल्या सातही खोल्या उघड्या करून घामाघूम खाली उतरले.

आता एवढे पत्रे लपवायचे कुठं? साहेब मोठा खवट. गोठ्यात शिरतो, कडब्याच्या गंजीत काठी खुपसतो, अशी त्याची ख्याती. व्यंकटराव सरजाबाईच्या चौकटीशी आले.

"मावशी, तुज्या अंगणात ठिवतो. बेघराच्या घराची झडती कोन घेतंय?"

"आन् माझं नाव?"

"तुजं तर पैलंच हाय की. त्याला कोन हात लावतंय?"

पत्र्यावर ज्याचं त्यानं नाव टाकावं, असं कुणीतरी सुचवलं. व्यंकटराव खेकसले, "सापडलो तर नावानिशी सापडावं म्हनतोस का, येड्या?"

तेव्हा बिननावाचे पत्रे सरजाबाईच्या अंगणात रचले गेले. ढीग चौकटीच्या वर गेला. त्यावर चार पेंढ्या कडबा पांघरला.

दुसऱ्या दिवशी साहेब फटफटीवरून आले. वैशाखाचं ऊन. चाळीस घरांतल्या चाळीस बायका डोक्यावर ओली फडकी टाकून भाकरी थापायल्या होत्या. व्यंकटरावांच्या मंडळी नर्मदाबाई छत्री धरून चुलीपुढं बसलेल्या.

"काय झालं हो गावाला?" साहेबांनी विचारलं.

"वादळ झालं साहेब. लय मोठं."

"सोनपेठात तर पान हललं नाही."

"आमच्या गावापुरतंच होतं," व्यंकटराव म्हणाले. "शिवेवर आलं आन् थांबलं."

 साहेब यादी काढून पहिल्या नावाकडं निघाले. चौकटीतून वाकून आत आले, तेव्हा सरजाबाईचा जीव सुखावला. साहेबलोकांतलं इतकं रीतभातीचं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. ती पाणी द्यायला उठली, तेवढ्यात शेजारच्या धुरपताबाईची शेळी कडबा पाहून ढिगावर चढली. पहिली पेंढी खाली आली आणि शेळीचे पाय पत्र्यावर वाजले. असे वाजले की पिंगळीच्या स्टेशनात मास्तरनं गाडी आली म्हणून झेंडा दाखवला म्हणतात.

साहेबांनी काठीनं उरलेला कडबा सारला.

"आजी, हे पत्रे कुणाचे?"

सरजाबाईनं व्यंकटरावांकडं पाहिलं. व्यंकटराव आभाळाकडं बघायले होते.

"ज्याचे असतील त्यानं सांगावं," साहेब गावाकडं वळले. "त्याचं नाव तेवढं कटेल. बाकीच्यांचं राहील."

"आमचे न्हाईत," व्यंकटराव म्हणाले. मागून बाकीचे एकोणचाळीस जण म्हणाले. साहेबांनी तिथंच पंचनामा लिहिला आणि हे पत्रे आमचे नाहीत, म्हणून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. पहिली सही सरपंचाची.

"मग हे बाईचे," साहेब म्हणाले आणि यादीतलं पहिलं नाव लाल पेन्सिलीनं खोडलं.

 तिसरा पावसाळा, ती ओसरी, ती घंटा, सगळं एकदम सरजाबाईच्या डोळ्यांपुढं आलं. तोंडापर्यंत शिवी आली. पण ढिगाकडं नजर गेली आणि ती शिवी तिनं गिळली.

"साहेब," ती म्हणाली, "माझे म्हून नीट लिव्हा. आन् त्या कागदाची एक नक्कल मलाबी द्या."

साहेब मिशीत हसले की नाही, यावर गावात अजून दोन मतं आहेत. नक्कल मात्र त्यांनी दिली. एकेचाळिसातून एक गेली, उरलेल्या चाळीस बेघरांत तीन घरकुलं वाटणं सरकारला शक्य नाही, असा शेरा मारला आणि घरकुलं पलीकडच्या गावाला देऊन टाकली.

फटफटी दिसेनाशी झाली तसं गाव पत्रे न्यायला धावलं. सरजाबाई नक्कल हातात धरून चौकटीत आडवी उभी.

"कुनाचे पत्रे?"

"मावशी, मस्करी नको. उन्हानं डोकी फुटायलीत."

"हितं सही कुनाची हाय, व्यंकटराव? माझी तर न्हाई."

व्यंकटराव रागावले, मग हसले, मग हात जोडले. सरजाबाई हलेना. शेवटी मागून नर्मदाबाई छत्री आपटत आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आदी म्हातारीचं घर बांधा. न्हाईतर मी हितंच तिच्या चुलीपाशी ऱ्हायला येते."

चाळीस माणसं लागल्यावर काय उशीर? कुणी दगड आणले, कुणी माती तुडवली, व्यंकटरावांनी स्वतः छपराचं आढं खांद्यावर वाहिलं. तिसऱ्या दिवशी चौकटीच्या दोन्ही अंगांना भिंती उभ्या राहिल्या आणि वर सोळा पत्रे ठोकले. मग बाकीचे घेऊन जा म्हणाली सरजाबाई. कुठला पत्रा कुणाचा, यावरून जी भांडणं जुंपली ती पुढं कोर्टात गेली म्हणतात.

धुरपताबाई घर बघायला आली. भर दुपार. आत पाय ठेवला आणि तव्यावर टाकल्यागत बाहेर उडाली.

"अगं माय! सरजाक्का, लय तापतंय की वो!"

सरजाबाई घामानं निथळत भिंतीला टेकून बसली होती.

"तापू दे," ती म्हणाली. "माझं हाय, मला तापायलंय. तुला काय करायचंय? ये, बस."